जड खनिज वाळूचे साठे : आकडा आणि अर्थ

किनारी वाळूतील जड खनिजांच्या अहवालांत टनांच्या आकड्याला अवाजवी प्रतिष्ठा लाभलेली दिसते. केरळातील चवरा येथील इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ६० टक्के आहे. दीर्घकालीन विदारणाने त्यातील बरेचसे लोह निघून गेले आहे. तेथील वाळूचा उगम रूपांतरित खडकांत असल्याने झिरकॉन व मोनाझाइटही सोबत मिळतात. रत्नागिरीच्या काळ्या वाळूचे मूळ प्रामुख्याने दख्खनचा बेसाल्ट. तेथे इल्मेनाइटला साथ मॅग्नेटाइटची, मोनाझाइट नगण्य. राज्यवार तक्त्याच्या अखेरीस मात्र दोन्हींची एकच बेरीज होते. ती गणिताने अचूक, पण भूशास्त्रीयदृष्ट्या फसवी आहे.

मोनाझाइटच्या १३.१५ दशलक्ष टन या शासकीय आकड्याचेही तसेच. तो जागेवरील एकूण साधनसंपत्तीचा आहे, किफायतशीरपणे काढता येणाऱ्या साठ्याचा नव्हे. वस्ती, कांदळवने, किनारी नियमन क्षेत्र यांमुळे हात न लावता येणारी वाळूही त्यात मोजलेली असते. ऑस्ट्रेलियाच्या जॉर्क संहितेने १९८९ मध्येच या दोन संकल्पनांत काटेकोर भेद केला. मराठी लेखनात मात्र (आणि हा दोष केवळ वृत्तपत्रांचा नाही) ‘साठा’ हा एकच शब्द दोन्हींसाठी सर्रास वापरला जातो.