क्यूरी दांपत्याचा एक रिकामा दिवस

मारी क्यूरी यांचे त्यांच्या कन्येने, एव्ह क्यूरी यांनी लिहिलेले चरित्र १९३७ साली, म्हणजे आईच्या निधनानंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. आपल्याकडे ते बहुधा कष्टांची कहाणी म्हणूनच वाचले जाते : गळक्या छपराची शेड, पिचब्लेंडचे ढीग, दोन नोबेल पारितोषिके. मुलांना बक्षीस म्हणून द्यावयाचे पुस्तक, असाच त्याचा लौकिक. आम्हास मात्र त्यातील ज्या पानांविषयी लिहावयाचे आहे, त्यांत कोणताही शोध लागत नाही. एक नवविवाहित जोडपे फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलीने हिंडते, गवतावर बसून जेवते आणि तळ्याकाठी वेळ घालविते, एवढेच. या ग्रंथाचा जीव आमच्या मते याच पानांत आहे.

मारी आणि पिएर यांचा विवाह २६ जुलै १८९५ रोजी पॅरिसजवळच्या सो या गावी झाला. पांढरा पोशाख नाही, सोन्याची अंगठी नाही, मेजवानी नाही. पुढे प्रयोगशाळेतही वापरता येईल असा गडद रंगाचा पोशाख वधूने पसंत केला. एका नातलगाने आहेर म्हणून दिलेल्या पैशांतून दोघांनी दोन सायकली विकत घेतल्या. हवा भरलेल्या टायरची सायकल तेव्हा नवलाईची वस्तू होती. डनलॉपच्या टायरला सातच वर्षे झाली होती.

हा विवाह नोंदणी पद्धतीचा होता, चर्चमधील नव्हता, ही गोष्ट वाचकांपासून लपविण्याचे कारण नाही. पिएर यांचे वडील मुक्तविचारवादी. मुलावर धर्माचे संस्कार झालेच नव्हते. मारी यांच्या आई श्रद्धाळू कॅथॉलिक होत्या, परंतु १८७८ साली त्या क्षयाने गेल्या तेव्हा मारी दहा वर्षांच्या होत्या, आणि त्या दुःखातून मुलीची श्रद्धा सावरली नाही. अशा दांपत्याचे चरित्र ख्रिस्ती कुटुंबाने का वाचावे, असे विचारणारे प्रापंचिक आम्हास भेटले आहेत. प्रश्न रास्त आहे. परंतु कृपा ही मानवी स्वभावाला बाजूला सारीत नाही, त्याला पूर्णत्वास नेते, ही शिकवण संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून आपल्याकडे चालत आलेली आहे. मग तो स्वभाव, पती-पत्नीचे ते साधे साहचर्य, कसे असते हे पाहण्यास भिण्याचे काय कारण? विवाह संस्काराने बांधलेल्या आपल्या कित्येक घरांत ते आढळत नाही, हेही आम्ही जाणतो.

एव्ह यांनी रंगविलेला दिवस असा. दोघे रानात शिरतात. दुपारचे जेवण म्हणजे पाव, चीज आणि फळे. पिएर डोक्यातल्या स्फटिकांविषयी बोलत बोलत पुढे निघून जातात आणि मारी त्यांना जाणतेपणे उत्तरे देतात. मग त्यांना एक तळे सापडते. मारी काठावर विसावतात, पिएर पाण्याकडे वळतात. ते परततात ते भिजलेले, हातात कुमुदे आणि आयरिसची फुले घेऊन. आणि अचानक पत्नीच्या तळहातावर काहीतरी गार, ओलसर ठेवतात. तो बेडूक असतो. मारी किंचाळतात. बेडूक न आवडणारे माणूस असू शकते, याचेच पिएर यांना खरेखुरे आश्चर्य वाटते!

हा प्रसंग घडला तेव्हा एव्ह यांचा जन्म व्हावयाचा होता. तो नऊ वर्षांनंतरचा. तेव्हा संवाद, हावभाव, रात्रीच्या खाणावळीतील दाट सूप, मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर हलणाऱ्या सावल्या, हे सारे ऐकीव सामग्रीवर कन्येने चढविलेले रंग आहेत आणि काही ठिकाणी ते गडद झाले आहेत. सेमिनरीत भोजनाच्या वेळी आम्हास संतचरित्रे मोठ्याने वाचून दाखविली जात. त्यांतले संत कधी हसत नसत. एव्ह यांच्या ग्रंथालाही पुष्कळ ठिकाणी तोच दोष जडला आहे : आई-वडील सदैव उदात्त, सदैव थकलेले, सदैव निर्मोही. बेडकाने त्यांना त्या वेदीवरून खाली उतरविले आहे. असा बेडूक कोणी भक्तिभावाने रचीत नाही, म्हणून तो आम्हास खरा वाटतो.

आणखी एक गोष्ट नजरेत भरते. सुट्टीच्या दिवशी रानात स्फटिकांची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु पिएर काम करीत नाहीत. आपल्या मनात जे चालले आहे ते पत्नीला सांगत आहेत. आमच्या धर्मग्रामात अशी घरे थोडी नाहीत, जेथे पती दिवसभर काय करतो ते पत्नीला शेजारणीकडून कळते.

त्या तळ्याचा धागा एव्ह पुढे पुन्हा उचलतात. १९०६ सालच्या पास्काच्या सुट्टीत क्यूरी कुटुंब सें-रेमी-ले-शव्रज येथे होते. जवळच पोर्ट-रॉयल मठाचे अवशेष आहेत; पास्काल यांच्या वाचकांना तो परिसर नावाने ठाऊक असेल. थोरली मुलगी इरेन आठ वर्षांची. धाकटी, म्हणजे स्वतः लेखिका, दीड वर्षाचीही नव्हती. पती-पत्नी तरुणपणी सापडलेले कुमुदांचे तळे शोधावयास जातात. तळे आटलेले असते. फुले नाहीत, चिखलाच्या खड्ड्याभोवती काटेरी झुडुपांचा पिवळाधमक बहर तेवढा आहे. येथे लेखिकेची रचना जाणवते, पण लेखणी आवरलेली आहे. तो पास्का रविवार १५ एप्रिलचा. गुरुवारी, १९ तारखेला, पॅरिसच्या र्यू दोफीन या रस्त्यावर मालवाहू घोडागाडीखाली सापडून पिएर जागच्या जागी मरण पावले.

आता आईची पाने पाहावीत. मारी यांनी १९२३ साली 'पिएर क्यूरी' हे छोटे चरित्र लिहिले. त्यात सायकलीच्या प्रवासांना काही ओळीच आहेत, पण आमच्या मते त्या कन्येच्या पानांहून सरस आहेत. दीर्घ चढणीनंतर ओब्राकच्या पठारावरील ताजी हिरवी कुरणे आणि स्वच्छ हवा. (त्याच पठारावर बाराव्या शतकात यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभी राहिली आणि धुक्यात वाट चुकलेल्यांसाठी तेथे घंटा वाजविली जाई, मारी त्याचा उल्लेख करीत नाहीत, आणि आम्हास तो करावासा वाटला.) मग त्रुयेर नदीच्या घळीतील एक संध्याकाळ. खाली वाहत जाणाऱ्या नावेतून लोकगीत ऐकू येते आणि दूर विरत जाते. दोघे इतके रेंगाळतात की टप्प्याचे गणित चुकते आणि मुक्कामी पोहोचावयास पहाट होते. हिशेब कधीही न चुकविणारी ही बाई येथे चुकलेला हिशेब आनंदाने नोंदविते.

त्याच रात्री वाटेत गाड्या भेटल्या. सायकली पाहून गाड्यांचे घोडे बुजले आणि दोघांना नांगरलेल्या शेतांतून आडवाटेने जावे लागले. हे वाक्य लिहिले गेले तेव्हा र्यू दोफीनवरील त्या घोडागाडीला सतरा वर्षे झाली होती. लेखिकेला ते जाणवले नसेल, हे संभवत नाही. तरीही ती तेथे थांबत नाही. लगेच पुढे, चांदण्याने न्हालेल्या पठारावर कुंपणाआडच्या गाई मोठ्या शांत डोळ्यांनी त्या दोघांकडे पाहत होत्या, ते सांगू लागते.