महदाइसेचे प्रश्न

महदाइसेला 'आद्य मराठी कवयित्री' म्हणण्याचा प्रघात इतका रूढ झाला आहे की, तिच्या धवळ्यांपलीकडे पाहण्याची गरज अभ्यासकांस सहसा भासत नाही. रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहलीळेच्या प्रसंगी रचलेली ही रुक्मिणीस्वयंवराची गीते मोलाची आहेत, यात शंका नाही. तथापि ह्या बालविधवा साधिकेचा पारमार्थिक वारसा तिच्या गीतांपेक्षा तिच्या प्रश्नांत अधिक शोधावा लागेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

लीळाचरित्रात ती श्रीचक्रधरांना वारंवार पुसताना दिसते. स्वामींनी तिला 'चर्चक' व 'जिज्ञासक' म्हटले, ही रूपे मुद्दाम ध्यानात घ्यावीत. म्हातारीसाठी योजलेली असूनही ती स्त्रीलिंगी नाहीत. निरूपणाचा विस्तार, त्यातील दृष्टांत, किंबहुना वाक्याची ठेवणदेखील पुसणाऱ्याकडे पाहून ठरते. केशिराजव्यासांनी सूत्रपाठ सिद्ध करताना स्वामींची वचने तेवढी वेचली. साहजिकच पुसणारी व्यक्ती गळाली. जे लीळेत उत्तर होते, ते सूत्रात सिद्धांत झाले. पुढे सूत्रामागील प्रसंग सांगण्यासाठी पंथास 'प्रकरणवश' रचावे लागले, ते उगाच नव्हे.

म्हाताऱ्या स्त्रिया वंचित होतील म्हणून नागदेवाचार्यांनी केशिराजांस संस्कृत रचनेपासून परावृत्त केले, ही स्मृतिस्थळातील कथा मराठीच्या अभिमानाची साक्ष म्हणून नेहमी सांगितली जाते. (अशी साक्ष काढण्याची आपल्याला घाई फार!) वास्तविक ती श्रोतृवर्गाची साक्ष आहे, आणि हा वर्ग मुका नव्हता.

त्याच शतकात जर्मनीत माग्देबुर्गची मेख्टिल्ड (सु. १२०७–१२८२) लॅटिन येत नसल्यामुळे लोकभाषेत आपले साक्षात्कार लिहीत होती. तिचा मूळ उत्तर-जर्मन पाठ नष्ट झाला. उरली ती लॅटिन व दक्षिणी जर्मन रूपांतरे. महदाइसेचे बोलही म्हाइंभटांच्या लेखणीतून आपणापर्यंत आले आहेत, परंतु तिच्याच भाषेत. भाषाभ्यासकाच्या लेखी हा भेद लहान नव्हे.

लोणार व मेहकर ज्यात येतात त्या ह्या ग्रंथाचे संपादन आपल्या जिल्ह्यातील नरवेल येथे जन्मलेल्या वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून महदाइसेचे सर्व प्रश्न वेगळे काढून प्रत्येकासमोर सूत्रपाठातील तत्संबंधी सूत्र मांडून पाहणे, हा पदव्युत्तर प्रबंधास पुरेल इतका विषय आहे.