प्रमाण कळले, कारणाचे काय?

घरी केलेला केक फसला की दोष नेमका कशाचा, हे ठरवणे अवघड असते. कृतीत लिहिलेले असते 'एक वाटी मैदा'. पण वाटी कोणती? शिवाय तीच वाटी चाळलेल्या मैद्याने अलगद भरली किंवा दाबून भरली, तर वजनात सहज पाव हिश्श्याचा फरक पडतो. त्यामुळे जमलेला केक पुन्हा तसाच जमेल याची खात्री नसते आणि फसलेला का फसला ते कळत नाही. कृती न पाहता करणाऱ्यांचा हात सवयीने हा फरक भरून काढतो. पण ती सवय दुसऱ्याला शिकवता येत नाही.

अमेरिकी लेखक मायकेल रूलमन यांचे 'रेशो' हे २००९ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक या अडचणीवर उपाय सुचवते. कृती पाठ करण्याऐवजी वजनी प्रमाण लक्षात ठेवा, असे त्यांचे सांगणे आहे. पावासाठी ५ भाग पीठ व ३ भाग पाणी. बिस्किटांसाठी १ भाग साखर, २ भाग स्निग्ध पदार्थ व ३ भाग मैदा. पाउंड केकसाठी लोणी, साखर, अंडी आणि मैदा समभाग. फोडलेल्या अंड्यांचे वजन १५० ग्रॅम भरले, तर बाकीचे तिन्ही जिन्नस १५० ग्रॅम घ्यायचे. वाटीऐवजी तराजू हाती देणारी ही मांडणी आम्हांला मनापासून आवडली. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला तर ती आपल्याच घरची वाटेल.

तरीही विज्ञानाच्या दृष्टीने पाहता काही प्रश्न उरतात.

पहिला प्रश्न पुस्तकातच दडलेला आहे. पाउंड केक आणि स्पंज केक यांचे प्रमाण एकच, पण केक दोन. एकात आधी लोणी व साखर फेसतात, दुसऱ्यात अंडी व साखर. हवेचे बुडबुडे पहिल्यात लोण्यात अडकतात, दुसऱ्यात अंड्याच्या फेसात. म्हणून स्पंज हलका होतो. हा फरक लेखकाने नोंदवला आहे, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण मग पदार्थाचे सारे गुपित प्रमाणात आहे, असे म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात उभा राहतो. १:२:३ हे प्रमाण घेऊन कुणी लोण्याऐवजी साजूक तुपात नानकटाई केली, तर ती भट्टीत पसरते आणि उचलताना भुगा होतो. बेकरीच्या लोण्यात स्निग्धांश सुमारे ८० टक्के असतो, उरलेले बहुतांशी पाणी. तुपात पाणी जवळजवळ नसतेच. म्हणजे २०० ग्रॅम लोण्याच्या जागी २०० ग्रॅम तूप घातले, तर सुमारे ४० ग्रॅम स्निग्धांश जास्त जातो. शिवाय पिठाला धरून ठेवणारे ग्लुटेन तयार व्हायला लागणारे पाणीही मिळत नाही. 'स्निग्ध पदार्थ' या एका शब्दाखाली दोन वेगळे पदार्थ झाकले गेले.

तिसरा प्रश्न पिठाचा. ५:३ या प्रमाणात मैदा चांगला मळला जातो. चक्कीवरच्या कणकेचा गोळा मात्र घट्ट होतो. कोंडा पाणी शोषतो, आणि दळताना फुटलेले स्टार्चचे कणही अखंड कणांपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढून घेतात.

शिक्षकांसाठी या पुस्तकाचे मोल आम्हांला नेमके इथेच वाटते. प्रमाण पाळूनही पदार्थ बिघडला, तर शोध कुठे घ्यायचा हे कळते. वर्गात यासाठी भट्टीही लागत नाही. एकच वाटी पाच विद्यार्थ्यांना मैद्याने भरायला सांगावी आणि पाचही वजने फळ्यावर लिहावीत. मग १०० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम कणीक प्रत्येकी ६० ग्रॅम पाण्यात मळून दोन्ही गोळे मुलांच्या हातात द्यावेत.

आपल्या प्रयोगवह्यांत 'अपेक्षित' उत्तर न आलेला प्रयोग खोडला जातो आणि शेजारच्या वहीतले आकडे उतरवले जातात. फसलेल्या नानकटाईचे आकडे मात्र मुले आनंदाने लिहून ठेवतील, कारण पुढच्या खेपेला ती त्यांनाच खायची आहे. हे पुस्तक घ्यावे, जवळ तराजू ठेवावा आणि प्रत्येक प्रमाणाशेजारी 'का?' असे पेन्सिलीने लिहीत वाचावे.