पारुष्य

गीतेच्या सोळाव्या अध्यायातील चौथ्या श्लोकात आसुरी संपत्तीची सहा लक्षणे आली आहेत : दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, पारुष्य आणि अज्ञान. निरूपणात दंभावर आपण तासभर बोलतो, क्रोधाला तर दृष्टांतांची ददात नाही. पारुष्य मात्र ‘कठोर बोलणे’ एवढ्यात उरकले जाते. (कुणी कुणी त्याचे ‘पौरुष’ करतात, ते निराळेच!)

हा अर्थ खोटा नाही, अपुरा आहे. संस्कृतात परुस् म्हणजे बोरूचे पेर, त्यावरची गाठ. त्यावरून परुष म्हणजे गाठाळ, खरखरीत. पण भगवंतांनी क्रोध आधी सांगून पारुष्य वेगळे का काढले? रागात माणूस बोलून जातो, मागाहून हळहळतो. पारुष्याला राग लागतच नाही. शंकराचार्यांनी भाष्यात दिलेली उदाहरणे पाहा : एका डोळ्याने अधू असलेल्याला डोळस म्हणणे, कुरूपाला रूपवान म्हणणे, हीन कुळातल्याला कुलीन म्हणणे. यात एक तरी शब्द कठोर आहे का? सगळे गोडच, घाव मात्र वर्मी. माउली तर आणखी पुढे जातात. त्यांच्या वर्णनात मन, नजर, वाणी, करणी, असा सबंध माणूसच आतबाहेर खरखरीत झालेला आहे.

आता हे माप आपल्या नारदाच्या गादीला लावून पाहा. सावळ्या सुनेवर, टक्कल पडलेल्या टाळकऱ्यावर, उशिरा आलेल्या म्हाताऱ्यावर कोटी केली की मंडप हसतो. बुवा रागावलेले नसतात, तेही हसतच असतात. याला विनोद म्हणायची रीत पडली आहे. मला तो शब्द इथे मान्य नाही. ज्याच्यावर हसले, त्याला उठून उत्तर देता येत नाही. उलट शेवटी बुवांच्या पाया पडूनच घरी जायचे असते.

यावर हमखास विचारतात, तुकोबाराय काय मऊ बोलले? नाही बोलले. पण त्यांचा कोरडा दंभावर, लबाडीवर पडला आणि उघड पडला. शिवाय स्वतःलाही त्यांनी पतित म्हणायला मागेपुढे पाहिले नाही. त्या बोलण्याला परखड म्हणावे. परखड आणि परुष कानाला जवळचे, म्हणून गफलत होते.

तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना माउलींनी वाणीचाही विचार केला आहे आणि टाळायच्या बोलण्यात उपहास नाव घेऊन घातला आहे. पारायणात त्या ओव्या आपण फार भरभर वाचतो.