रामसेपटांना गुण द्यायचे कसे?

रामसे बंधूंचे भयपट आता मोबाइलवर फुकटात दिसतात. साहजिकच ते पाहणारे वाढले आणि त्यांना तारे वाटणारेही वाढले. पण एकजण पाचपैकी एक देऊन हात झटकतो, तर दुसरा मित्रांसोबत खिदळायला मिळालं म्हणून पाच देतो. माझ्या मते दोघांनीही सिनेमा नीट पाहिलेला नसतो. पहिला त्याला मोठ्या बजेटच्या चित्रपटाशेजारी उभा करून मोजतो आणि दुसरा मोजतच नाही.

या घराण्याने काय हातात घेऊन सुरुवात केली, ते आधी पाहायला हवं. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेले एफ. यू. रामसे रेडिओचं दुकान चालवत. त्यांचा 1970 चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरी करायला येतात त्या प्रसंगाला लोक थरारतात, हे रामसेंच्या मुलांनी थिएटरात बसून हेरलं. तिथूनच भयपटांची वाट निघाली. ‘दो गज जमीन के नीचे’ (1972) महाबळेश्वरला झाला. कलाकार आणि घरची माणसं बसने गेली, मुक्काम सरकारी विश्रामगृहात. कॅमेऱ्यामागे गंगू, दिग्दर्शनाला तुलसी आणि श्याम, ध्वनीला किरण; घरातल्या बायका स्वयंपाकापासून मेकअपपर्यंत सगळं पाहत. अशा सिनेमाला गुण देताना माझा पहिला प्रश्न असतो: जे हाताशी होतं, त्यातून भीती उभी राहिली का?

‘पुराना मंदिर’ (1984) या प्रश्नाला खणखणीत ‘हो’ म्हणतो. सामरी या सैतानाचं मुंडकं उडवून ते पेटीत बंद करायचं आणि धड जुन्या देवळामागे पुरायचं, अशी राजाची शिक्षा. मरता मरता त्याने राजाच्या वंशातल्या बायकांना दिलेला शाप. एवढ्या ऐवजावर पुढचा सगळा डोलारा उभा आहे. खरी करामत आहे ती अनिरुद्ध अगरवाल यांच्या चेहऱ्याची. सहा फुटांहून उंच, लांबोडा जबडा, शिक्षणाने इंजिनिअर असलेला हा माणूस रामसेंना सापडला आणि त्यांचा मेकअपचा अर्धा खर्च वाचला असावा. कॅमेरा त्याला खालून पाहतो, तोंडावर हिरवा-निळा उजेड पडतो आणि तो काही करायच्या आतच आपण खुर्चीत सरकून बसतो. हवेलीच्या खोल्यांत उजेड एकाच कोपऱ्यातून येतो, बाकी अंधार. अंधाराला पैसे पडत नाहीत, हे रामसेंना पक्कं ठाऊक होतं. यातच सदाशिव अमरापूरकरही आहेत. त्यांच्या ‘अर्धसत्य’ला जेमतेम वर्ष झालेलं.

याच सिनेमाचे गुण मी कापतो ते जगदीप यांच्या ‘शोले’च्या नकलेसाठी. भीतीचा धागा ताणला जात असताना हे ठिगळ मध्ये येतं आणि सगळी हवा जाते. वितरकांना गाणी, मारामारी, विनोद सगळंच एका तिकिटात हवं असे, हे कारण खरं. पण कारण कळलं म्हणून दोष पुसला जात नाही. ‘वीराना’मध्ये (1988) सतीश शाह यांच्या वाट्याला आलेला विनोद असाच लांबतो. शिवाय तिथे बाईचं शरीर आणि सैतान यांची गाठ इतक्या सरसकट मारलेली आहे की आज ते पाहताना राग येतो. तरी जास्मिन यांचा थंडपणा विसरता येत नाही. तीन तारे, त्याहून जास्त नाही.

‘सामरी’ त्रिमितीच्या हौसेत वाहून गेला. ‘तहखाना’ आणि ‘डाक बंगला’ सवयीने काढलेले. ‘पुरानी हवेली’त जागा छान, गोष्ट नाही. ‘बंद दरवाजा’ (1990) मात्र माझ्या यादीत सर्वांत वर. काली पहाडीवरचा नेवला म्हणजे उघडच ड्रॅक्युला, पण गुहा, वारा, पंखासारखा पसरणारा झगा आणि अगरवाल यांचं जवळपास मुकं राहणं हे सगळं इथे एका सुरात लागलं आहे. साडेचार. नंतर 1993 मध्ये हे घराणं ‘झी हॉरर शो’ घेऊन दूरदर्शन संचांत शिरलं. त्याच वर्षी मराठीत महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’मध्ये रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यातून तात्या विंचू उभा केला. मूळ कल्पना परदेशी, तरी भय आणि विनोद एकमेकांना मारत नाहीत. रामसेंना जे कधी जमलं नाही, ते इथे जमलं.

गुण देणाऱ्याची आणखी एक अडचण आहे आणि ती मला सर्वांत जास्त खुपते. आज नेटवर फिरणाऱ्या अनेक प्रतींत रंग उडालेले असतात, चौकट कापलेली असते, मधले तुकडे गायब असतात. गंगू रामसे यांचा निळा उजेड तिथे राखाडी दिसतो. मग आपण सिनेमाला गुण देतो की खराब प्रतीला? परदेशी डीव्हीडी कंपनीने ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाजा’ नीट छापून काढले, तेव्हा कुठे त्यातली प्रकाशयोजना डोळ्यांत भरली. तुलसी 2018 मध्ये गेले, श्याम 2019 मध्ये, गंगू 2024 मध्ये. विचारून घेण्यासारखं बरंच त्यांच्यासोबत गेलं.

पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. कुणाच्या बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजमध्ये, वितरकाच्या गोदामात किंवा घरच्या माळ्यावर या सिनेमांची रिळं, पोस्टरं, फोटो पडून असतील, तर रद्दीत घालण्याआधी तिथे एक फोन करा.