तंबाखूची पुडी मिटल्यावर: ‘आनंद’, ‘श्वास’ आणि आजारी पुरुष

विषय कॅन्सरचा असला तरी आम्ही डॉक्टर नाही. आम्ही सिनेमे बघणारी, गोष्टी वाचणारी माणसं. त्यामुळे औषधोपचारांबद्दल काही सांगणार नाही. कॅन्सर झालेला पुरुष आपल्या गोष्टींत कसा दिसतो आणि इथे महाड-पोलादपुरात कसा दिसतो, या दोहोंत बरंच अंतर आहे, त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी ‘आनंद’ घेऊ. हृषिकेश मुखर्जींचा, १९७१ चा. आपल्याकडे कुणा पुरुषाला कॅन्सर झाल्याचं कळलं की भेटायला आलेला माणूस पाच मिनिटांत काय म्हणतो? ‘हसत राहायचं, आनंदसारखं.’ आता हा आनंद नीट बघा. रस्त्यावर दिसेल त्या अनोळखी माणसाला तो ‘मुरारीलाल’ म्हणून हाक मारतो. थिएटरात आपण हसलो. पण मरणाच्या दारातला एक माणूस परक्या शहरात ओळख नसलेल्यांना हाका मारत फिरतोय, हे एकटेपणाचं याहून उघड चित्र हिंदी सिनेमात क्वचितच असेल. आपण त्यातला विनोद तेवढा उचलला. शिवाय आनंद स्वतःच्या दुःखाबद्दल फारच थोडं बोलतो. भोवतीच्यांना हसवण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर. आजारी माणसानेच इतरांना धीर द्यायचा, हा उलटा नियम या सिनेमाने आपल्याला गोड करून दिला. सिनेमा थोर आहे, पण उदाहरण म्हणून त्याने नुकसान केलं, असं आमचं मत आहे.

दुसरी गोष्ट त्या आजाराची. आनंदचा आजार पोटातला. चेहरा शेवटपर्यंत राजेश खन्नाचा, आवाजही शाबूत. तो गेल्यावरसुद्धा टेपवर ऐकू येतो. आपल्या देशात पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो तोंडाचा कॅन्सर. तो चेहऱ्यावर आणि आवाजावरच येतो. जबड्याचा भाग काढावा लागतो, बोलणं अस्पष्ट होतं, चारचौघांत घास घ्यायची लाज वाटते. अशा माणसाला ‘हसत राहा’ म्हणणं हे जरा क्रूरच, नाही का?

आता आपल्याकडे येऊ. इथला पुरुष मन मोकळं करतो कुठे? घरात नाही. टपरीवर, एसटी स्टँडवर, देवळाच्या पायरीवर. आणि त्या बसण्याच्या मध्यभागी असते तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. एकाने मळायची, चार जणांनी चिमूट घ्यायची. एकट्याने मळून एकट्यानेच तोंडात टाकणारा कंजूष ठरतो. सरकारने २०१२ साली गुटखा बंद केला, पण हा व्यवहार गुटख्याहून जुना आहे. त्यात व्यसन आहेच. शिवाय विचारपूस आहे, सोबत आहे.

मग एक दिवस तोंडातला पांढरा चट्टा निघतो, तपासणी होते, डॉक्टर सांगतात, तंबाखू कायमची बंद. बरोबरच सांगतात. पण त्या एका वाक्याने माणसाचा कट्टाही बंद होतो, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. तो टपरीवर आलाच, तर मित्र पुडी खिशात घालतात आणि गप्प होतात. वाईट कुणीच नसतं. त्याच्याकडे बघताना त्यांना आपापलं तोंड आठवतं. हळूहळू तोच येईनासा होतो आणि लोक म्हणतात, ‘त्याला आता माणसं नको झाली.’

बायकांचं सगळं सोपं असतं, असं आम्ही म्हणत नाही. छातीतली गाठ वर्षभर लपवलेल्या बायका इथल्या वाड्यांमध्येही असतील. पण पुरुषाच्या बाबतीत ज्या गोष्टीने सोबत दिली तीच रोगाचं कारण ठरते, हा पेच निराळा आहे, आणि त्याची कथा मराठीत आमच्या वाचनात आलेली नाही.

जवळ जाणारी कलाकृती म्हणजे संदीप सावंतांचा ‘श्वास’ (२००४), माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा. त्यात रोगी लहान मुलगा आहे, डोळ्यांचा कॅन्सर झालेला. पण आमच्या दृष्टीने सिनेमा आहे तो त्याच्या आजोबांचा, अरुण नलावडे यांनी उभ्या केलेल्या कोकणी म्हाताऱ्याचा. डोळे काढावे लागणार, हे नातवाला सांगायला त्यांची जीभ रेटत नाही. भाषण ते करत नाहीत. ते पोराला घेऊन दवाखान्यातून गुपचूप निघतात आणि दिवसभर शहर दाखवतात. दिग्दर्शकाने इथे त्यांच्या तोंडी लांबलचक संवाद घातला नाही, हे फार शहाणपणाचं. आपल्याकडचा पुरुष बहुधा असाच बोलतो, काहीतरी करता करता. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात ‘मेन्स शेड’ म्हणून सुतारकामाच्या जागा निघाल्या, त्यामागेही हाच अनुभव होता: समोरासमोर बसवलं की पुरुष गप्प होतो, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलू लागतो.

तक्रार आहे ती पुढे. ‘श्वास’मध्ये आजोबांना समजून घेते ती आसावरी, दवाखान्यातली समाजसेविका. म्हणजे आधार देणं हे शहरातल्या, शिकलेल्या, बहुधा स्त्रीचं काम. आणि मुलगा गावी परततो, तिथे सिनेमा संपतो. आमचा प्रश्न नेमका तिथून पुढचा आहे. गावातले बाप्ये त्या म्हाताऱ्याशी दुसऱ्या दिवशी काय बोलले?

एके काळी याची थोडीफार सोय होती, तीही मुंबईत. टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये परळला सुरू झालं, गिरणगावातच. पोलादपूरकडचे चाकरमानी तिथल्या गावकीच्या खोल्यांत दाटीवाटीने राहायचे. गावाकडून आलेल्या रोग्याला पथारी टाकायला जागा आणि रात्री बोलायला गाववाला मिळायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, बऱ्याच खोल्याही गेल्या. आज माणूस रातराणीने जातो, रांगेत उभा राहतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो. आपल्याच रायगड जिल्ह्यात खारघरला टाटांचं ॲक्ट्रेक आहे, तेवढं अंतर कमी झालं. पण परत आल्यावर काय?

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ भजनात पहाडी आवाजाचे. ऑपरेशननंतर गाणं गेलं, म्हणून मंडळात जाणंही सोडलं. दीड वर्षाने एका पोराने न विचारता त्यांच्या हातात टाळ दिले. कसे आहात, बरं वाटतं का, काही नाही. ‘बुवा, आमचा ठेका चुकतोय,’ एवढंच म्हणाला. ते आता दर गुरुवारी येतात. बोलत अजून नाहीत फारसे. परवा चहा मात्र सगळ्यांसमोर प्यायले, गळ्याशी रुमाल धरून.