मुलुंड ते मांचुरिया, व्हाया कुर्ला

मध्य रेल्वेवरचं मुंबईच्या हद्दीतलं शेवटचं स्टेशन मुलुंड. त्याच्या पुढे ठाणं, आणि आमच्या पाच रस्त्याजवळच्या गाडीवाल्याच्या मते ठाण्यानंतर थेट चीन. त्याच्या लाल गाडीवर ड्रॅगन रंगवलाय. पेंटर मूळचा गणपतीच्या मखरांतला असावा, कारण ड्रॅगन चांगला गुटगुटीत आणि प्रसन्नवदन आहे.

या गाडीवर मी वर्षानुवर्षं निष्ठेनं खात आलोय, तेव्हा टीका करायचा मला हक्क आहे. जाळ उत्तम. कढईतला भात असा उडतो की आता पडला गटारात, असं वाटावं. पण दाणा बाहेर जात नाही. नूडल्स सुट्या, कोबी कुरकुरीत. मंचुरियन म्हणजे मात्र सोया सॉसमध्ये बुडालेलं कोबीचं भजं आणि ‘शेजवान’ हे लसणाच्या चटणीचं लग्नानंतरचं नाव!

“अस्सल खायचं तर चिनी वस्तीत जावं,” आमची ही म्हणाली. म्हणून एका रविवारी कुर्ल्याला गाडी बदलून डॉकयार्ड रोडला उतरलो. माझगावात एकेकाळी चिनी वस्ती होती. सापडलं ते १९१९ सालचं क्वान कुंगचं छोटं देऊळ. उदबत्तीचा वास होता, फोडणीचा नव्हता. १९६२च्या युद्धानंतर देशातल्या सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं होतं. मुंबईतलेही पुष्कळजण देश सोडून गेले. “इथे चायनीज कुठे मिळेल?” मी एकाला विचारलं. “स्टेशनजवळ गाडी लागते ना!” तो म्हणाला. गाडीवर तोच गुटगुटीत ड्रॅगन होता.

परतीच्या गाडीत मी गप्प होतो. माणसं घालवली आणि सॉस ठेवून घेतला, असा हा आपला हिशेब.

बरं, सॉस तरी त्यांचा आहे का? चिकन मंचुरियन १९७५ साली मुंबईतच क्रिकेट क्लब ऑफ इंडियात जन्मलं, असं सांगतात. जन्मदाते नेल्सन वँग, कलकत्त्याचे. मांचुरियात हा पदार्थ कुणाला ठाऊक नाही. अजिनोमोटो तर जपानी, १९०८चा शोध. राहता राहिलं शेजवान. सिच्वान प्रांताच्या स्वयंपाकाची खरी ओळख म्हणजे जिभेला मुंग्या आणणारं एक मिरीसारखं फळ. ते गाडीवर नाही. पण त्याचा सख्खा चुलतभाऊ आमच्या घरी डब्यात आहे: तिरफळ! ही पडली मालवणची. तिरफळाशिवाय बांगड्याचं तिखलं हिच्या घराण्यात होत नाही.

त्या रात्री पार्सल आणलेल्या शेजवान राईसवर हिने तिरफळं ठेचून घातली. पहिल्याच घासाला जीभ बधिर. ठसका ओसरल्यावर लक्षात आलं, सिच्वानच्या सगळ्यात जवळ आपण आत्ता पोचलो, तेही स्वयंपाकघरातून.

दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याला उत्साहानं तिरफळाची पुडी दिली. त्याने हुंगून परत केली.

“काका, असलं घातलं तर गिऱ्हाईक म्हणेल माल बिघडला. आणि अस्सल खायला चिनी माणूस येतोय कुठे इथे?”

मला माझगावचं देऊळ आठवलं. उत्तर सुचेना.

“हाफ मंचुरियन दे,” मी म्हटलं. “कोबी जरा जास्त घाल.”